बारा गुणांचे नागरिकशास्त्र

महाराष्ट्रात दहावीचा विद्यार्थी एकूण ६०० गुणांची परीक्षा देतो आणि त्यांतले लेखी राज्यशास्त्राच्या वाट्याला येतात १२. इतिहास आणि राज्यशास्त्राची मिळून ४० गुणांची एक प्रश्नपत्रिका असते. तिच्यात २८ गुण इतिहासाचे, उरलेले राज्यशास्त्राचे. भूगोलाचा ४० गुणांचा पेपर वेगळा आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण वेगळे. संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी आणि लोकशाहीसमोरची आव्हाने एवढा सगळा ऐवज त्या १२ गुणांत बसवलेला आहे. विधान चूक की बरोबर ते सकारण सांगा, हा त्यातला ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तर ‘हे विधान बरोबर आहे, कारण’ असे सुरू करायचे आणि पुढे गाइडातले तीन मुद्दे उतरवायचे, हे मुलांना मार्चपर्यंत झोपेतही येऊ लागते. त्यात २०१० पासून ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आले. सहा विषयांपैकी ज्यात सर्वांत कमी गुण पडतील तो टक्केवारीतून गळतो. तो सामाजिक शास्त्रांचा गट असला तरी पास होण्यापलीकडे त्याची कुणाला फिकीर नसते.

या विषयावर आपल्याकडे एकदा मोठी चर्चा झाली, ती २०१९ साली. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे अंतर्गत गुण काढून टाकले गेले आणि दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. अकरावीच्या प्रवेशात केंद्रीय मंडळाची मुले पुढे जातील म्हणून पालक हवालदिल झाले, सरकारने गुण परत दिले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. (त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला होता, हेही लक्षात ठेवावे.) या सगळ्या गदारोळात ते २० गुण मुलाने नेमके कशासाठी मिळवायचे असतात, त्यातून त्याला समाजाविषयी काय कळावे अशी अपेक्षा आहे, हा प्रश्न जवळपास कुणाच्याच तोंडी नव्हता. कटऑफवर मात्र रकानेच्या रकाने लिहिले गेले.

यावरून पाठ्यपुस्तक कुचकामी आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. माझे म्हणणे वेगळे आहे. मुलांचे समाजभान दोन ठिकाणी घडते. एक, सामाजिक शास्त्रांच्या तासाला. दुसरे, सरकारी धोरणाने मुलांभोवती जी प्रत्यक्ष व्यवस्था उभी केलेली असते तिच्यात: शेजारच्या बाकावर कोण बसते, गावाचा सरपंच कोण आहे, शाळा चालू राहते की बंद पडते, निवडणूक वेळेवर होते की नाही. पाठ आणि व्यवस्था एकाच दिशेने बोलत असतील तर मुलांच्या मनात खरोखर फरक पडतो, आणि तो मोजता येतो. दोन्हींत विसंगती असेल तर मूल व्यवस्थेवर विश्वास ठेवते आणि पाठाला परीक्षेपुरता मान देते. आपण पाठ्यपुस्तकातल्या एकेका वाक्यावरून भांडतो आणि व्यवस्थेने शिकवलेल्या धड्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ही उलटी वाटणी आहे.

आधी पाठाची ताकद पाहू. अमेरिकेत १९६८ मध्ये लँग्टन आणि जेनिंग्ज या दोन अभ्यासकांनी माध्यमिक शाळांतल्या नागरिकशास्त्राचा परिणाम तपासला आणि तो नगण्य असल्याचे त्यांना आढळले. हा निष्कर्ष पुढे वर्षानुवर्षे आधाराला घेतला गेला. पण त्यातला एक तपशील बहुधा मागे राहतो: कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर तोच अभ्यासक्रम जास्त परिणाम करताना दिसला. घरातून, शेजारातून जे आधीच मिळालेले असते तेच पुन्हा शिकवले तर फरक दिसणार कसा? जिथे ते मिळालेले नसते, तिथे शाळेचा शब्द नवा असतो. चीनमधला अनुभव आणखी बोलका आहे. तिथे २००१ नंतर राज्यशास्त्राची पाठ्यपुस्तके बदलली गेली आणि ती वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या वर्षी लागू झाली. त्यामुळे जुनी आणि नवी पुस्तके शिकून पेकिंग विद्यापीठात आलेल्या विद्यार्थ्यांची तुलना करणे शक्य झाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नव्या पुस्तकांची मुले सरकारच्या कारभाराकडे अधिक अनुकूल नजरेने आणि मुक्त बाजारपेठेकडे अधिक साशंकतेने पाहताना आढळली, म्हणजे सरकारला हवे होते तसेच. ‘पोरे कुठे पुस्तक वाचतात’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी हा निष्कर्ष शांतपणे वाचावा. सत्ताधाऱ्यांना पुस्तकाची ताकद कळलेली असते. शंका फक्त आपल्याला असते.

भारतातला पुरावा हरियाणाचा. सोनीपत, पानिपत, रोहतक आणि झज्जर या जिल्ह्यांतल्या ३१४ सरकारी शाळांत सातवी-आठवीच्या मुलामुलींशी अडीच वर्षे स्त्री-पुरुष समानतेवर वर्गात चर्चा घडवल्या गेल्या. अर्थात चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांत, बाकीच्या तुलनेसाठी ठेवून. कल्पना नवी नव्हती. मुंबई महापालिकेच्या शाळांत २००८ पासून असाच कार्यक्रम टाटा समाजविज्ञान संस्था, कोरो आणि एका आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने मिळून चालवला होता. हरियाणात मुलांची मते स्पष्टपणे बदलली आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही बदललेलीच राहिली. पण खरी मेख पुढे आहे. मते मुलांची आणि मुलींची सारखीच बदलली. वागणुकीतला बदल मात्र मुलांमध्ये अधिक दिसला. मुलगा ठरवून घरात भांडी घासू शकतो. मुलीने ठरवले तरी संध्याकाळी घराबाहेर पडणे, पुढे शिकणे, लग्न लांबवणे यांतले काहीच तिच्या एकटीच्या हातात नसते. तासाने तिच्या मनातली कडी काढली, दाराची कडी दुसऱ्या कुणाच्या हाती होती.

ती दाराची कडी कधीकधी धोरणाने निघते, आणि तेव्हा पुस्तकाची मदतही लागत नाही. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या ४९५ गावांत ११ ते १५ वर्षांची मुले-मुली आणि त्यांचे पालक यांची पाहणी झाली. ती २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर सरपंचपदे महिलांसाठी आळीपाळीने राखीव झाली होती आणि कोणत्या गावाची पाळी केव्हा, हे गावाच्या मर्जीवर नव्हते. त्यामुळे तुलना निखळ होती. ज्या गावांत सलग दोन वेळा महिला सरपंच होती, तिथे मुला-मुलींच्या आकांक्षांमधली दरी किशोरवयीनांत ३२ टक्क्यांनी आणि पालकांत २० टक्क्यांनी कमी झाली. शिक्षणातली दरी तर पुसलीच गेली आणि मुलींचा घरकामाचा वेळ घटला. कुठल्याही शाळेत या मुलांना ‘महिला सबलीकरण’ या पाठाची जादा घोकंपट्टी करायला लावलेली नव्हती. खुर्चीवर बसलेली बाई त्यांनी रोज पाहिली, इतकेच. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. सरपंचबाईंच्या जागी ‘सरपंचपती’ सह्या करतो, अशी तक्रार आपण ऐकतोच, आणि ती पुष्कळ ठिकाणी खरीही आहे. बंगालमध्येही हा प्रकार नव्हता असे नाही. तरी दोन पाळ्यांनंतर मुलींचे मन बदलले, हे आकडे सांगतात.

शेजारच्या बाकाचे उदाहरण दिल्लीचे. तिथल्या नामांकित खासगी शाळांना २००७ पासून गरीब घरांतल्या मुलांना राखीव जागा द्याव्या लागल्या. त्याआधी प्रवेश घेतलेले वरचे वर्ग श्रीमंतच राहिले, खालचे वर्ग मिश्र झाले. एकाच शाळेत तुलनेचे दोन गट तयार झाले. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने या मुलांना प्रयोगातून पारखले. शर्यतीसाठी जोडीदार निवडताना जास्त वेगाने धावणारा गरीब मुलगा घ्यायचा की हळू धावणारा आपल्यासारखा, अशी निवड त्यांच्यापुढे ठेवली. मिश्र वर्गातल्या श्रीमंत मुलांनी भेदभाव कमी केला; ती दानाच्या बाबतीत अधिक उदार आणि स्वयंसेवेला अधिक तयार होती. काही शाळांत अभ्यासगट पहिल्या नावाच्या अकारविल्हे क्रमाने पाडले जात, त्यामुळे केवळ नावाच्या आद्याक्षरामुळे गरीब मुलाच्या गटात पडलेली मुले वेगळी काढता आली. थेट सहवासातून फरक पडतो, हे त्यातून दिसले. किंमत? इंग्रजीच्या गुणांत थोडी घट, गणित-हिंदीत काही नाही, आणि वर्गात शिवराळ भाषेच्या तक्रारी थोड्या वाढल्या. समानतेवरच्या कोणत्याही पाठाने एवढ्या स्वस्तात एवढे मिळवून दिल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता महाराष्ट्राकडे यावे. शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेवर ही सक्ती नाही. शहरात आणि मोठ्या गावात एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा नसण्याची शक्यता किती? म्हणजे २५ टक्क्यांची तरतूद कागदावर तशीच राहिली आणि प्रत्यक्षात जवळजवळ गुंडाळली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी त्या अधिसूचनेला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द ठरवली. सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे मान्य करतो. खासगी शाळांच्या शुल्काची प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे थकलेली होती, आणि सरकारी शाळांतली मुले सरकारच्याच पैशाने खासगी शाळांकडे वळत होती. या दोन्ही अडचणींवर उपाय शोधायला हवा होता. पण हिशेबाच्या वहीतला प्रश्न सोडवताना आपण वर्गाच्या खोलीतला एक धडा पुसतो आहोत, हे त्या निर्णयात कुठेच उमटले नाही. त्याच मुलांना सातवीच्या पुस्तकात संविधानाची उद्देशिका आणि समता शिकवायची, आणि त्यांच्या वर्गात कोण बसू नये हे अंतर मोजून ठरवायचे, यातली विसंगती दहा-बारा वर्षांच्या मुलाच्याही नजरेतून सुटत नाही.

गरीब मुलाला अशा शाळेत अपमान सोसावा लागतो, त्याला एकटे पाडले जाते, मग त्याच्या खर्चाने श्रीमंतांच्या मुलांना समाजभान का द्यायचे, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. गणवेश, सहली, वाढदिवसाच्या भेटवस्तू, इंग्रजीतला संवाद, या प्रत्येक ठिकाणी ठेच लागते. पण केंद्राच्या २०१० च्या नियमांत या मुलांना वेगळ्या वर्गात, वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी बसवता येणार नाही असे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे धोका धोरण आखणाऱ्यांना दिसला होता. अपमान होतो तिथे उपाय तपासणीचा आणि शिक्षकांच्या तयारीचा आहे. मुलांना पुन्हा आपापल्या वस्त्यांत पाठवून दिले तर अपमान संपत नाही, फक्त दिसेनासा होतो.

याहून ठसठशीत विसंगती मुंबई-पुण्याच्या मुलांनी पाहिली. सहावीच्या पुस्तकात ‘शहरी स्थानिक शासन संस्था’ असा पाठ आहे: नगरसेवक, महापौर, दर पाच वर्षांनी निवडणूक. घटनेच्या २४३ यू कलमानुसार मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हायला हवी. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुण्याचीही त्याच महिन्यात, आणि कारभार प्रशासकाकडे गेला. इतर मागासवर्गाच्या आरक्षणावरचा खटला, प्रभागांची संख्या, रचनेचे बदलते कायदे अशी कारणे होती. त्यातली काही खरी होती, काही सोयीची. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या, असा आदेश द्यावा लागला. जून २०२२ मध्ये सहावीत महापौराची कामे पाठ केलेले मूल जून २०२५ मध्ये नववीत गेले, तोवर त्याच्या शहराला महापौर नव्हता. त्या काळात मुंबईच्या रस्त्यांचे काँक्रिटीकरण झाले, अंदाजपत्रके मंजूर झाली, पाणी आले आणि तुंबलेही. नगरसेवकाशिवाय शहर चालते, हे त्या मुलांना कुणी तोंडाने सांगितले नाही. त्यांनी ते पाहिले. आता त्यांना लोकप्रतिनिधीचे महत्त्व चार ओळींत लिहायला सांगितले, तर ती लिहितील. पटलेले असेलच असे नाही.

इथे एक चांगला प्रतिवाद होऊ शकतो. पुस्तकाने आदर्श सांगायचा असतो. वास्तव बिघडलेले आहे हे कळण्यासाठी तरी मापदंड हवा. महापौर असायला हवा होता हे मुलाला पुस्तकातूनच कळले ना? बरोबर आहे. पण मापदंड हातात देऊन उपयोग तेव्हा, जेव्हा मोजायची मुभा असते. १९९९ मध्ये २८ देशांतल्या १४ वर्षांच्या सुमारे ९० हजार मुलांची नागरिकत्वविषयक पाहणी झाली. तिच्यात ज्या वर्गांत मतभेद मोकळेपणाने मांडता येतात, तिथल्या मुलांचे नागरी ज्ञान आणि मतदानाची इच्छा दोन्ही अधिक असल्याचे दिसले. आपल्या वर्गातल्या सहावीच्या मुलाने ‘सर, आपल्याकडे निवडणूक का झाली नाही?’ असे विचारले, तर किती शिक्षक उत्तर देतील? त्यांना दोष देणे सोपे आहे. सेवानियमांचे भान, पालकांच्या तक्रारीची धास्ती आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारी चित्रफीत हे सगळे त्यांच्या डोक्यावर असते. गंमत अशी की निवडणूक प्रत्यक्ष जवळून पाहिलेला वर्गातला एकटा माणूस तोच असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक या तीन कामांसाठी जुंपता येते. मतदानाच्या दिवशी ‘निवडणूक प्रक्रिया’ हा पाठ जिथे शिकवला त्याच खोलीत बाक भिंतीला सरकवून मतदानाचा आडोसा उभा होतो, दारावर खडूने केंद्र क्रमांक पडतो, शाईची बाटली येते. मुलांना त्या दिवशी सुट्टी असते, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षक वर्गात आला की पुढच्या पाठाची टिपणे सांगतो.

वर्गात राजकारण नको, अशीही एक समजूत आहे. ती फक्त शिक्षकाला लागू होते. पुस्तक बदलणाऱ्यांना नाही. राष्ट्रीय पातळीवरच्या दहावीच्या पुस्तकातून लोकशाही व विविधता, लोकसंघर्ष व चळवळी, लोकशाहीसमोरची आव्हाने ही प्रकरणे ‘भार कमी करण्याच्या’ नावाखाली गेली. त्या पुस्तकमालेचे मुख्य सल्लागार असलेले पुण्याचे सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी जून २०२३ मध्ये आपली नावे काढून टाका, असे कळवले. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात चळवळी आणि आव्हाने हे दोन्ही पाठ आहेत, याचे श्रेय आपण मंडळाला द्यायलाच हवे. अर्थात सगळी राज्य पातळीवरची पुस्तके निर्मळ असतात असे मुळीच नाही. बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात मुलगी कुरूप असणे हे हुंड्याचे एक कारण म्हणून छापलेले २०१७ मध्ये उघडकीस आले आणि मजकूर काढण्याची घोषणा शिक्षणमंत्र्यांना करावी लागली. हुंडा देणे-घेणे १९६१ पासून गुन्हा आहे. तो गुन्हा वधूच्या चेहऱ्यात शोधणारे पुस्तक वर्षानुवर्षे वर्गात शिकवले गेले, तेव्हा कायदा आणि पाठ यांत पाठच उलट्या बाजूला होता.

आणि चळवळींचा पाठ प्रत्यक्षात कसा दिसतो, तेही पाहावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुले बकऱ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर आली. भाम धरणाने विस्थापित झालेल्या कुटुंबांची ही वस्ती. तिथली शाळा बंद होणार होती. दप्तर घ्या आणि आम्हाला बकऱ्या द्या, अशी मुलांची मागणी होती: शाळाच नसेल तर गुरे तरी राखू. अनेकांना ही मोठ्यांनी मुलांच्या तोंडी घातलेली नाटकबाजी वाटली. मोठ्यांचा हात त्यात होताच, लपवण्यासारखे काही नाही. पण विस्थापन, पुनर्वसन, शाळेचा हक्क आणि सरकारी कार्यालयाच्या दारात उभे राहून मागणी करणे, हे सगळे त्या मुलांनी एका दिवसात शिकले. कमी पटाच्या शाळा बंद करण्याच्या धोरणाचा वित्तीय युक्तिवाद मला कळतो. दहा मुलांसाठी दोन शिक्षक परवडत नाहीत, हे गणित सरळ आहे. मात्र त्या गणितात नदी ओलांडून तीन किलोमीटर चालणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला राज्यसंस्थेविषयी काय कळते, याचा रकाना नसतो. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे सांगितले तेव्हा त्यांचा रोख नेमका इथे होता: वरच्या वर्गावर होणारा खर्च खाली झिरपत नाही, हे त्यांनी पाहिले होते.

मग करायचे काय? पुस्तके पुन्हा बदलावीत, हा उपाय सगळ्यांत सोपा दिसतो. मला तो आत्ता सगळ्यांत कमी निकडीचा वाटतो. त्याआधी धोरण ठरवताना ते मुलांना काय शिकवते, ही चौकट टिपणीत असावी. शाळा बंद करण्याच्या प्रस्तावात, प्रवेशाच्या नियमांत, निवडणूक लांबवण्याच्या निर्णयातसुद्धा. हे भाबडे वाटेल. पण पर्यावरणावरचा परिणाम तपासल्याशिवाय मोठा प्रकल्प होत नाही, हेही एकेकाळी भाबडेच वाटले असणार. आणि शाळेच्या हातात आजही अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण आहेत, जे बहुतेक ठिकाणी गृहपाठाच्या वहीवर आणि सरावचाचणीवर जातात. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हायला हवी, असे कायदा सांगतो. अनेक गावांत ती प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्यदिन आणि गांधी जयंतीच्या सुमारास भरते. त्यातल्या निदान तीन दिवशी मुले झेंडावंदनाला शाळेत असतात, हातात खाऊ पडला की घरी पळतात, आणि सभेची घंटा त्यानंतर वाजते. त्यांना तिथे बसवून कोण बोलले, कोण गप्प राहिले, बाया कुठे बसल्या, कोणता ठराव झाला आणि पुढच्या सभेपर्यंत त्याचे काय झाले, एवढेच लिहून आणायला सांगता येते. शहरातल्या मुलांना वॉर्ड कार्यालयात जाऊन आपल्या गल्लीतल्या एका तक्रारीचा पाठपुरावा करता येतो. काही गावांत सरपंचाला हे आवडणार नाही. इतिवृत्ताची प्रत मागायला आलेल्या सातवीच्या पोराला ग्रामपंचायत अधिकारी दोनदा ‘उद्या ये’ म्हणेल. तिसऱ्यांदा त्या पोराबरोबर माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून द्यायला शिक्षक तयार असेल का, आणि त्या शिक्षकाच्या पाठीशी गटशिक्षणाधिकारी उभा राहील का, यावर त्या २० गुणांचा अर्थ ठरेल.